भावाने पुण्यात टेकडीला खेटून फ्लॅट बघितलाय, मागची कटिंग बघून माझी झोप उडाली. हे तपासायचं कसं?

टॉवेलवाला_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. मी पूर्व भागातला, आमचे लूम आहेत, टॉवेल काढतो. दरड हा प्रकार आपण फक्त टीव्हीवर बघितलेला. आपल्या सोलापुरात चढ म्हणजे उड्डाणपूल आणि पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तर झाला, त्यामुळं मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही हे आधीच सांगतो.

धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याने पश्चिमेकडे टेकडीच्या पायथ्याला टू बीएचके बघितलाय. मागच्या रविवारी मला दाखवायला नेला. समोरून सगळं झकास, मागं गेलो तर पार्किंगच्या खांबांपासून पंचवीसेक फुटांवर टेकडी उभी कापलेली. उंची असेल तीन मजले. खाली काळा खडक, त्यात उभ्या-आडव्या भेगा, आणि वरचा एक मजला नुसता तांबूस मुरूम, त्यावर गवत आणि दोन-तीन झाडं. अर्ध्या भागाला काँक्रीटची भिंत घातलीय, उरलेलं उघडंच. सेल्सवाला पोरगा म्हणतो, "सर खडक आहे, काही होत नाही, सॉईल रिपोर्ट पण आहे", आणि साठ पानांचं बाड हातात दिलं. भाऊ म्हणतो दादा तू उगाच घाबरालायस, हिल व्ह्यूचे जास्तीचे पैसे घेतात लोक. बुकिंगचे पैसे माझ्याकडून जाणार आहेत म्हणून विचारतो, साध्या माणसाने जाऊन नेमकं काय बघायचं? कागद कुठले मागायचे? इंजिनीअर लावायचा तर कुठला लावायचा?

शेंगाचटणी_एक्स्ट्रा

सोलापुरात येऊन राहा म्हणावं. चार दिवसाआड पाणी, दरड कोसळायला पाणीच नाही बे 😄

मुरूम_आणि_मी

वरच्या भाऊंना हसू द्या, दादा तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी मूळचा जुळे सोलापूरचा, सिव्हिल केलं, गेली चौदा वर्षं घाटातले रस्ते आणि रिटेनिंग वॉल, म्हणजे माती धरून ठेवणाऱ्या भिंती, यातच गेली. जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिलं ते साठ पानांचं बाड. तो रिपोर्ट बिल्डिंगच्या पायाचा असतो. बोअर मारतात ते कॉलमखाली जमिनीला किती भार झेपेल हे बघायला, मागच्या कटिंगचं त्यात बहुतेक वेळा अवाक्षर नसतं. तुम्हाला मागायचाय तो स्लोप स्टॅबिलिटीचा रिपोर्ट, म्हणजे कापलेला उतार टिकेल का याचा, आणि त्या भिंतीचं डिझाईन, सहीशिक्क्याचं. त्यात फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून एक आकडा असतो, म्हणजे उताराला धरून ठेवणारी ताकद भागिले खाली ओढणारी ताकद. १ आला म्हणजे काठावर, कायमच्या उताराला १.५ च्या आसपास हवा. पण खरी गंमत पुढं आहे, हा आकडा कोरड्या उताराचा काढलाय का पाणी भरलेल्या, हे विचारा. सुट्या मातीच्या उतारात पाणी पार वरपर्यंत भरलं तर तोच आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. कोरडा १.५ ऐकून लोक खूश होतात आणि जुलैत तो पाऊणवर आलेला असतो.

का येतो ते तुमच्याच धंद्यातलं सांगतो. गोदामात चादरींची थप्पी असते की नाही, थोडी कलली तरी उभी राहते कारण चादरीवर चादर घासून धरून ठेवते. आता खालच्या चार चादरी पुढून ओढून काढा, थप्पी अंगावर येते. टेकडीचा पायथा कापणं म्हणजे हेच. टेकडी हजारो वर्षं ज्या उतारावर बसलीय त्याचा पाया पोकलेनने काढून घेतला आणि वर काहीच झालं नाही असं समजायचं. हे झालं एक. दुसरं पाणी. लोकांना वाटतं मुरूम भिजून जड होतो म्हणून पडतो, तेवढंच नाही ओ. कणाकणांमधल्या फटीत पाणी भरलं की ते पाणी आतून दाब देतं, कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात ते सैल होतात आणि घर्षण जातं. हॉटेलात ओल्या टेबलावर गरम चहाचा ग्लास ठेवला की आपोआप सरकतो, तसं.

आणि हे पाणी कुठं साठतं माहितीय का? आपल्याकडं शेतात विहीर खोदताना बघितलं असेल, आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक, आणि पाझर कुठून सुटतो तर मुरूम आणि खडक यांच्या सांध्यातून. पुण्याची टेकडी पण आपल्याच जातीच्या खडकाची, दख्खनचा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक. विहिरीत जिथून पाणी लागतं तोच सांधा टेकडीवर तिरका आहे आणि त्याच्यावर मुरूम बसलाय. तुम्ही म्हणताय खाली खडक, वर एक मजला मुरूम, तर घसरायची जागा तुम्ही स्वतःच लिहून दिलीय की.

म्हणून तिथं गेल्यावर खडकाकडं कमी आणि त्या सांध्याच्या रेषेकडं जास्त बघा. तिथं ओल आहे का, हिरवं शेवाळ आहे का, आजूबाजूचं गवत वाळलं तरी एका पट्ट्यात हिरवं राहिलंय का. वर चढून जा, कटिंगच्या कडेपासून आत दहा-पंधरा फुटांवर कडेला समांतर भेग दिसते का ते बघा, अशी भेग म्हणजे वरचा भाग सुटायला लागलाय आणि पावसाचं पाणी थेट त्याच भेगेतून आत उतरणार. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात मिटतात, तसल्या समजू नका, या वाढतात. झाडं किंवा विजेचा खांब दरीकडं कललाय का. मग भिंत. काँक्रीटची भिंत मातीला धरते पण पाण्याला नाही धरू शकत, म्हणून तिच्यात वीप होल ठेवतात, पाणी जायची भोकं. ती आहेत का, त्यांच्या मागं खडी-फिल्टर घातलाय का का नुसतेच पाईप खोचलेत, आणि पावसात त्यातून पाणी येतंय का. भिंतीला ओल आणि भोकं कोरडी, तर पाणी मागं कोंडलंय असं धरून चाला. भिंतीला पोट आलंय का, म्हणजे मध्येच फुगलीय का, एका टोकाला डोळा लावून बघितलं की कळतं.

आणि टेकडीच्या माथ्यावर काय आहे तेही बघून या. वर वस्ती असेल तर तिथले शोषखड्डे, फुटलेल्या पाईपलाईन, बंगल्याची बाग, हे सगळं पाणी बारा महिने उतारात मुरतं. पावसाचं तर नुसतं निमित्त होतं.

कळव्याचा_पाहुणा

मी अक्कलकोट रोडचा, पण नोकरीमुळं नऊ वर्षं कळव्याला काढली, पारसिकच्या डोंगराला लागून चाळ होती आमची. इंजिनीअर साहेबांनी लिहिलंय त्यात राहणाऱ्या माणसाची बाजू जोडतो.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या मागच्या दाराची कडी लागेना. लाकूड फुगलं म्हणून सुताराकडून दोनदा रंधा मारून घेतला. मग बाथरूमच्या मागून जे स्वच्छ पाणी झिरपायचं ते एक दिवस चहासारखं यायला लागलं. बायको म्हणाली डोंगर विरघळालाय. मी हसलो. तिसऱ्या दिवशी रात्री दोन ट्रक माती मागच्या गल्लीत. आमच्या घराला काही झालं नाही, बाजूच्याची मोरी आणि स्कूटर गाडली गेली. त्याआधी आम्ही पाच जणांनी लेखी अर्ज दिला होता, त्याचा शिक्का मारलेला कागद अजून माझ्याकडं आहे, दुसरं काही हाती आलं नाही.

तेव्हा दार घट्ट होणं, फरशी उचलणं, पाण्याचा रंग बदलणं याला हसू नका. आणि आवाज, छोटे छोटे दगड टपटप पडल्यासारखे, रात्री जास्त ऐकू येतात.

अक्का_विजापूर_रोड

बाई गं. माझी मुलगी मुंबईत भांडुपला आहे, दर मे-जूनला त्यांच्याकडं डोंगरउतारावरच्या लोकांना घरं सोडा म्हणून सांगून जातात, लोक जात नाहीत. जाणार तरी कुठं. मला विचारायचं होतं, सरकारचा काही नकाशा असतो ना, कुठं धोका आहे सांगणारा? त्यात बघून टाकलं की झालं की.

गेरूचा_थर

अक्का, असतो नकाशा, आणि तिथंच लोक फसतात. मी भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लिहितो.

जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने देशभराचं दरडप्रवणतेचं मॅपिंग केलंय, त्यांच्या भूसंकेत पोर्टलवर माहिती बघता येते. इस्रोचा पण दरडींचा ॲटलस आहे, २०२३ मध्ये आला, त्यात १९९८ पासूनच्या सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे. काम चांगलंच आहे. पण जीएसआयचा तो नकाशा १:५०,००० चा, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. टॉवेलवाल्या दादांची बिल्डिंग, पार्किंग आणि ती कटिंग मिळून पेन्सिलीच्या एका ठिपक्यात बसतात. आणि कटिंग मागच्या वर्षीची असेल तर ठिपक्यातही नाही. असा नकाशा तालुक्याचं नियोजन करायला, कुठं आधी जाऊन बघायचं ते ठरवायला. फ्लॅट घ्यायला नाही.

इर्शाळवाडी आठवते का, १९ जुलै २०२३ ची रात्र. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा घ्यायचा नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता किती पावसाला दरड येते, हे सगळेच विचारतात. १९८० मध्ये केन नावाच्या संशोधकाने जगभरातल्या ७३ घटना घेऊन एक खालची रेषा काढली, म्हणजे दरडीला किमान किती पाऊस लागतो त्याची, ती धरली तर एका तासात साधारण १५ मिलिमीटर किंवा २४ तासांत १०० च्या आसपास, यापुढं उथळ दरडी सुरू होऊ शकतात. होऊ शकतात, होतातच असं नाही. आपल्या घाटमाथ्यावर १०० मिलिमीटर म्हणजे जुलैतला साधा दिवस, तिथले डोंगर त्याला सरावलेत, आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या टेकड्यांना तोच १०० मोठा आहे. म्हणून आकडा इकडून उचलून तिकडं लावता येत नाही. हवामान खाते २४ तासांतल्या ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरला जोरदार, त्यापुढं २०४.४ पर्यंत अति जोरदार म्हणतं, पण ते पावसाचं वर्गीकरण आहे, उताराचं नाही.

त्यापेक्षा तारखा बघा. साकीनाका २६ जुलै २००५. माळीण ३० जुलै २०१४, जिथं सकाळी एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गावच दिसलं नाही. तळीये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै. वायनाड ३० जुलै २०२४. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनचा पाऊस आणि जुलैअखेरचा पाऊस आकड्याने सारखा असला तरी उताराला सारखा नसतो, कारण तोवर दीड महिना डोंगर भिजत ठेवलेला असतो. आजच्या पावसाबरोबर मागच्या आठ-पंधरा दिवसांची बेरीज बघायची ती यासाठी.

मुरूम साहेबांशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. "खडकाकडं कमी बघा" म्हणालात, ते नको. बेसाल्टमध्ये दोन लाव्हांच्या थरांच्या मध्ये लाल गेरूसारखा मऊ थर असतो, एक-दोन फुटांचा, कधी जास्त. वरचा खडक भेगांनी तुटलेला, खालचा लाल थर पाण्याने लोणी झालेला, मग अख्खे ठोकळे सुटून येतात. दादा, त्या काळ्या खडकात कुठं आडवी लाल पट्टी दिसली का?

मुरूम_आणि_मी

मान्य सर, घाईत लिहिलं. लाल पट्टी असली तर सगळं गणित बदलतं. आमच्या एका साईटवर ती पट्टी शॉटक्रीट, म्हणजे फवारून मारायचं काँक्रीट, मारून झाकली होती, वरून मस्त राखाडी दिसायचं, पुढच्या पावसाळ्यात शॉटक्रीटचा पापुद्रा बाहेर आला कारण मागच्या पाण्याला वाट ठेवली नव्हती. झाकलं म्हणजे बरं झालं असं नसतं.

दादा, कागदाचं अजून एक. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमात १:५ आणि त्याहून जास्त चढाच्या टेकडीउतारावर बांधकामाला बंदी आहे. १:५ म्हणजे पाच फूट चाललात की एक फूट चढलात, अंशात सांगायचं तर अकरा. मोबाईलमधल्या लेव्हलच्या ॲपने मोजता येतं. तो फ्लॅट असलेला सर्व्हे नंबर झोन दाखल्यात निवासी आहे का त्याचा काही भाग हिल टॉप हिल स्लोप (टेकडीमाथा-उतार) झोनमध्ये किंवा बीडीपी, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणामध्ये जातो, हे महापालिकेतून काढून घ्या. आणि कटिंग मंजूर नकाशात दाखवलीय का बघा. बिल्डिंग मंजूर आणि मागची कटिंग पार्किंग वाढवायला नंतर केलेली, हे मी स्वतः बघितलंय. माणूस लावायचा तर जिओटेक्निकल वाला, म्हणजे माती-खडकाचा इंजिनीअर लावा, घराचं आरसीसी डिझाईन करणारा नको, दोघांचं काम वेगळं.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा

विमा काढा की सरळ.

गेरूचा_थर

काढाच. भारत गृह रक्षा म्हणून स्टँडर्ड पॉलिसी आहे, त्यात दरड आणि जमीन खचणं धरलेलं आहे. ती मुळात घराचे पैसे देते, माणसांचे नाही.

टॉवेलवाला_पूर्वभाग

मंडळी, काल परत जाऊन आलो. मुद्दाम पावसात गेलो, परवा रात्रभर पुण्यात चांगला पडला म्हणून पहाटेची गाडी धरली. भावाला सांगितलंच नाही.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं. लाल पट्टी आहे सर. मला मागच्या वेळी ती गंजाचे डाग वाटली होती. साधारण माझ्या डोक्याच्या वर हातभर, वीतभर जाड, एका कोपऱ्यात जास्त. बोट घातलं तर आत गेलं. भिंतीतली भोकं मोजली, बावीस. पाणी तीनातून येत होतं, त्यातल्या एकातून गढूळ. बाकीची कोरडी आणि भिंत मात्र खालून चार फूट काळी ओली. दोन भोकांत काडी घातली तर काडी तीन इंचावर अडकली, मागं सरळ काँक्रीट. म्हणजे ती भोकं दाखवायपुरतीच. वर चढता आलं नाही, चिखल होता, पण बाजूच्या गल्लीतून वर गेलो तर माथ्यावर पाच-सहा घरं आणि त्यांचं सांडपाणी उघड्या चारीने त्याच बाजूला उतरतंय.

आता दुसरं, जे बघायला गेलोच नव्हतो. त्या भिंतीला टेकून पत्र्याच्या आठ-दहा खोल्या आहेत, कामगारांच्या. मागच्या रविवारी कसं दिसलं नाही देव जाणे, का दिसलं आणि बघितलं नाही. एक बाई चुलीवर भाकरी थापत होती, पाठ भिंतीला. कन्नड बोलताना ऐकलं म्हणून मी पण कन्नडमधून विचारलं, तर विजापूर जिल्ह्यातल्या इंडीकडची निघाली, नवरा सेंट्रिंगच्या कामावर. तिला म्हटलं पाणी येतं का आत. म्हणाली दोन रात्री झाल्या, भिंतीतून लाल पाणी येतंय, पोरांना खाटेवर घेऊन झोपते. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला पावसाळा आहे, पाणी येणारच.

साठ पानं कुठं आणि ती बाई कुठं. सगळं तिने दोन वाक्यात सांगितलं मला.

मुरूम_आणि_मी

दादा, फ्लॅटचं नंतर बघू. स्वच्छ पाणी लाल झालं म्हणजे मागून माती वाहून जाऊन पोकळी होतेय. कोंढव्याची आठवण आहे ना, २८-२९ जून २०१९ ची रात्र, सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या शेडवर पडली आणि पंधरा माणसं गेली. तुम्ही आजच साईट इंजिनीअरला फोन लावा, मुकादमाला नको. शेड भिंतीच्या उंचीएवढ्या अंतराच्या तरी बाहेर हलवा म्हणावं. आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाला फोन करून तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या, फोटो वेळेसकट ठेवा.

कळव्याचा_पाहुणा

अर्जावर शिक्का घेऊन गप्प बसू नका एवढंच सांगतो. रोज फोन करा.

टॉवेलवाला_पूर्वभाग

केला. साईट इंजिनीअर आधी म्हणाला तुम्ही कोण, फ्लॅट घेतलाय का. म्हटलं घेणार होतो. मग जरा नीट बोलला, म्हणाला शेड पुढच्या गेटजवळ हलवतो, दोन दिवस द्या. तक्रार पण नोंदवली, नंबर मिळाला. भावाला रात्री सगळे फोटो पाठवले, त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग "दादा टोकनचं काय" एवढंच. पन्नास हजार आहेत, बघू.

त्या बाईचा नवरा मोबाईल वापरतो, त्याचा नंबर घेतला होता. आत्ता विचारलं तर तीन खोल्या हलल्यात, यांची अजून तिथंच आहे. पुण्यात पाऊस चालू आहे म्हणाला. सकाळी परत लावतो.